संगणकासाठीचे पायाभूत गणित: पायऱ्या, नेहमीच्या चुका आणि ताळा

डिप्लोमा, बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला गणिताची एक चाचणी हमखास असते: संख्यापद्धती, ऋण संख्या, तर्कशास्त्र, बाकीचे गणित आणि थोडी मोजदाद. अवघड सूत्रे यात जवळजवळ नाहीतच. बेरीज, वजाबाकी, भागाकार आणि दोनचे घात एवढ्या भांडवलावर सगळे सुटते. तरीही मार्क जातात, कारण उत्तर लिहून मुले पुढच्या प्रश्नाकडे वळतात. या विषयात प्रत्येक उत्तराचा ताळा दुसऱ्या वाटेने करता येतो आणि त्याला अर्धा मिनिटही लागत नाही. पायऱ्या, उत्तर आणि ताळा हे तिन्ही कागदावर दिसले की तुम्हाला विषय येतो हे तपासणाऱ्याला कळते. खालची प्रत्येक रीत म्हणून ताळ्यासकट दिली आहे.

चौकटीची वही घ्या. एका चौकटीत एकच बिट (० किंवा १, बायनरीतला एक अंक) लिहा. बायनरीतल्या निम्म्या चुका बिट एका घराने सरकल्यामुळे होतात आणि चौकटी ती सरकण रोखतात.

आधी दोनचे घात

१, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२, १०२४. हे पाढ्यांसारखे पाठ हवेत, सुलट आणि उलट दोन्हीकडून. पुढचे लागतील तसे काढता येतात: दोनचा १६ वा घात ६५,५३६, विसावा १०,४८,५७६ (दहा लाखांच्या थोडा वर) आणि बत्तिसावा ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे साधारण ४२९ कोटी.

सोबत एक नियम पक्का करा. ८ बिटांत २५६ वेगवेगळ्या संख्या मावतात, पण त्यातली सर्वांत मोठी २५५ असते, कारण मोजणी शून्यापासून सुरू होते. 'किती संख्या' आणि 'सर्वांत मोठी संख्या' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. प्रश्नात नेमके काय विचारले आहे ते अधोरेखित करूनच लिहायला लागा.

डेसिमलमधून बायनरी: १५६

दोनने भागत जा आणि प्रत्येक वेळची बाकी बाजूला लिहा.

१५६ ÷ २ = ७८, बाकी ०
७८ ÷ २ = ३९, बाकी ०
३९ ÷ २ = १९, बाकी १
१९ ÷ २ = ९, बाकी १
९ ÷ २ = ४, बाकी १
४ ÷ २ = २, बाकी ०
२ ÷ २ = १, बाकी ०
१ ÷ २ = ०, बाकी १

बाक्या खालून वर वाचायच्या: १००१११००. पहिल्या भागाकाराची बाकी ही एककाच्या घरातली असते, म्हणून ती सर्वांत उजवीकडे जाते. वरून खाली वाचले तर ००१११००१ होऊन ५७ येते आणि ते चूक आहे. दुसरी चूक याहून फसवी. भागाकार १ आला की काम संपले असे वाटते आणि शेवटची बाकी लिहायचीच राहते. मग १५६ ऐवजी २८ हाती लागतात. भागाकार शून्य होईपर्यंत थांबायचे नाही.

ताळा: जिथे १ आहे त्या घरांच्या किमती मिळवा. १२८ + १६ + ८ + ४ = १५६. जमले.

आता याच बिटांचे हेक्स (सोळाच्या पायातली संख्या) करायचे. उजवीकडून चार-चारचे गट पाडा: १००१ ११००. पहिला गट ९, दुसरा १२. हेक्समध्ये १० ते १५ साठी ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरे असतात, म्हणून उत्तर ९सी. ताळा: ९ × १६ + १२ = १५६.

ऑक्टलसाठी (आठच्या पायासाठी) गट तीन-तीनचे: ०१० ०११ १००, म्हणजे २३४. इथे गट डावीकडून पाडले तर १०० १११ ०० असे होते, शेवटच्या गटात एक बिट कमी पडतो आणि तो शून्य लावून भरला जातो. उत्तर येते ४७०, डेसिमलमध्ये ३१२. बरोबर उत्तराच्या नेमके दुप्पट, कारण बायनरी संख्येच्या उजवीकडे एक शून्य चिकटवले की ती दुप्पट होते. कमी पडणारी शून्ये नेहमी डावीकडेच भरायची.

हेक्स नुसते परीक्षेपुरते नाही. तुम्ही मोबाइलवर टाइप केलेला प्रत्येक मराठी मजकूर हेक्समध्ये पाहता येतो. युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) देवनागरीला ०९०० ते ०९७एफ अशी १२८ जागा दिल्या आहेत आणि 'क' ची जागा ०९१५ आहे. डेसिमलमध्ये ९ × २५६ + १ × १६ + ५ = २३२५. यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना ०९१५ चे सोळा बिट ४, ६, ६ असे तोडतात: ००००, १००१००, ०१०१०१. पहिल्या तुकड्यापुढे १११० आणि बाकी दोघांपुढे १० लावले की तीन बाइट (आठ-आठ बिटांचे गट) तयार होतात: १११०००००, १०१००१००, १००१०१०१. हेक्समध्ये ई०, ए४, ९५. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत, म्हणून तो पंधरा बाइट घेतो. सरावाला स्वतःच्या नावाचे बाइट काढा. पुस्तकातल्या दहा उदाहरणांपेक्षा जास्त पक्के होते.

ऋण संख्या: सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात

संगणकाकडे वजाचे वेगळे चिन्ह नसते, असतात फक्त बिट. त्यामुळे ऋण संख्या टूज कॉम्प्लिमेंट पद्धतीने लिहितात. ८ बिटांत −३७ लिहायचे तर:

१. बिटांची संख्या आधी लिहून ठेवा: ८ बिट.
२. ३७ पूर्ण आठ घरांत लिहा: ००१००१०१.
३. सगळे बिट उलटवा: ११०११०१०.
४. १ मिळवा: ११०११०११.

ताळा: सर्वांत डावीकडच्या बिटाची किंमत −१२८ धरायची, बाकीच्यांची नेहमीची. −१२८ + ६४ + १६ + ८ + २ + १ = −३७.

पहिली पायरी टाळली की काय होते ते पाहा. ३७ म्हणजे १००१०१ असे सहा घरांतच लिहिले, उलटवून ०११०१० केले, १ मिळवला, ०११०११ आले. ही चक्क धन संख्या आहे, २७. पुढची शून्ये सोडली की ऋण चिन्हाचे काम करणारा बिटच हरवतो.

या पद्धतीचा फायदा असा, की वजाबाकीसाठी वेगळे यंत्र लागत नाही. ५२ − ३७ हे ५२ + (−३७) असे करा: ००११०१०० मध्ये ११०११०११ मिळवा. बेरीज नेहमीसारखीच, फक्त १ + १ = ० हातचा १, आणि १ + १ + १ = १ हातचा १. उत्तर येते १ ००००११११. नवव्या घरात आलेला हातचा सोडून द्यायचा, उरले ००००११११, म्हणजे १५.

आठ बिटांत −१२८ ते १२७ एवढेच मावते. १०० + ५० केले तर बिट येतात १००१०११० आणि संगणक ते −१०६ वाचतो. याला ओव्हरफ्लो म्हणतात. ओळखायची खूण: दोन धन संख्यांची बेरीज ऋण आली किंवा दोन ऋण संख्यांची धन आली, तर ओव्हरफ्लो. एक धन आणि एक ऋण असेल तर तो कधीच होत नाही. नवव्या घरातला हातचा ही ओव्हरफ्लोची खूण नाही. वरच्या ५२ − ३७ मध्ये हातचा आला तरी उत्तर बरोबर होते, आणि १०० + ५० मध्ये हातचा आलाच नाही तरी उत्तर चुकले. या दोन गोष्टींची सरमिसळ फार होते, म्हणून ही दोन्ही उदाहरणे वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवा.

हातासरशी −१२८ चे चिन्ह बदलून पाहा. १००००००० उलटवले की ०१११११११, १ मिळवला की पुन्हा १०००००००. संख्या जिथल्या तिथे, कारण +१२८ ला आठ बिटांत जागाच नाही.

हे कागदावरचे गणित किती महाग पडू शकते ते ४ जून १९९६ रोजी दिसले. एरियन ५ या युरोपीय रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात वेगाशी निगडित एक ६४ बिटांची अपूर्णांक संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायला गेले. सोळा बिटांत जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात आणि संख्या त्याहून मोठी होती. उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत रॉकेट नष्ट झाले. तसेच १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात मोजणारी जी उपकरणे अजून चालू आहेत, त्यांची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. ती १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते.

अपूर्णांक: ०.१ बायनरीत मावत नाही

अपूर्णांकासाठी दोनने गुणायचे आणि पूर्णांक भाग टिपत जायचा. ०.६२५ × २ = १.२५, टिपा १. ०.२५ × २ = ०.५, टिपा ०. ०.५ × २ = १.०, टिपा १. उत्तर ०.१०१. इथे वाचन वरून खाली, भागाकाराच्या नेमके उलट. ताळा: अर्धा + एक अष्टमांश = ०.६२५.

हीच रीत ०.१ ला लावली की ०.२, ०.४, ०.८, १.६, १.२ असे जात पुन्हा ०.४ येते आणि चक्र सुरू होते: ०.०००११००११००११… कधीच न संपणारे. संगणक ते कुठेतरी तोडतो, म्हणून पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ०.१ + ०.२ चे उत्तर ०.३०००००००००००००००४ असे दिसते. यात बिघाड काही नाही. १/३ डेसिमलमध्ये पूर्ण लिहिता येत नाही, त्यातलाच हा प्रकार. अपूर्णांक संक्षिप्त करून खालच्या संख्येचे अवयव पाडल्यावर नुसते दोनच उरत असतील तरच तो अपूर्णांक बायनरीत संपतो.

एवढीशी चूक साचत जाते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धाहरान येथे अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा येणाऱ्या क्षेपणास्त्राला अडवू शकली नाही आणि २८ सैनिक मारले गेले. यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागाने मोजायचे आणि ०.१ हे २४ बिटांत तोडून ठेवले होते. एका ठोक्याला साधारण ०.०००००००९५ सेकंदाचा फरक. यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू होती, म्हणजे १०० × ३,६०० × १० = ३६ लाख ठोके. गुणाकार स्वतः करून पाहा: जवळपास ०.३४ सेकंद. एवढ्या वेळात असे क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे गेलेले असते.

म्हणून दोन सवयी लावा. पैशांचा हिशेब पैशांतल्या पूर्णांकात ठेवा, रुपयांच्या अपूर्णांकात नाही. आणि दोन अपूर्णांक 'समान आहेत का' असे न विचारता 'त्यांच्यातला फरक ठरवलेल्या मर्यादेच्या आत आहे का' असे विचारा.

तर्कशास्त्र: कोष्टक भरताना

घटक (खरी म्हणजे १ किंवा खोटी म्हणजे ० असणारी विधाने) दोन असतील तर चार ओळी, तीन असतील तर आठ. ओळी मनाला येतील तशा न लिहिता बायनरी मोजणीच्या क्रमाने लिहा: ००, ०१, १०, ११. एकही ओळ सुटत नाही. प्रत्येक मधल्या क्रियेला वेगळा रकाना द्या. थेट शेवटचा रकाना भरणाऱ्याला चूक सापडत नाही, आणि तपासणाऱ्याला अर्धे मार्कही देता येत नाहीत.

अँड दोन्ही १ असतील तरच १ देते, ऑर एक जरी १ असेल तर १ देते, आणि नॉट किंमत उलटवते. 'नॉट (क अँड ख)' आणि '(नॉट क) ऑर (नॉट ख)' एकच आहेत हे दाखवायचे आहे. क अँड ख: ०, ०, ०, १. त्याचे नॉट: १, १, १, ०. आता दुसरी बाजू. नॉट क: १, १, ०, ०. नॉट ख: १, ०, १, ०. या दोघांचे ऑर: १, १, १, ०. चारही ओळी जुळल्या, सिद्धता पूर्ण. हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ मध्ये आपल्याकडच्या मदुराईत जन्मले.

प्रोग्राममध्ये हा नियम अटी उलटवताना लागतो. 'वय १८ किंवा जास्त अँड ओळखपत्र आहे' याच्या उलट 'वय १८ पेक्षा कमी ऑर ओळखपत्र नाही'. चुका दोन ठिकाणी होतात: अँडचे ऑर करायचे राहते, किंवा '१८ किंवा जास्त'च्या उलट '१८ किंवा कमी' लिहिले जाते. दुसऱ्या चुकीत बरोबर १८ वर्षांचा माणूस दोन्ही अटींत सापडतो. ताळा म्हणून सीमेवरची किंमत दोन्ही अटींत घालून पाहा. १८ साठी एक अट खरी आणि दुसरी खोटी यायलाच हवी.

'जर क तर ख' हे फक्त एकाच ओळीत खोटे असते: क खरे आणि ख खोटे. क मुळातच खोटे असेल तर वाक्य खरे धरतात. पटायला वेळ लागतो, पण कोष्टकात तिथे १ च लिहायचा.

बिटांवरचे अँड नेटवर्कमध्ये रोज वापरतात. पत्ता १९२.१६८.१०.७७ आणि मास्क /२६ (३२ बिटांच्या पत्त्यातले पहिले २६ बिट नेटवर्कचे) दिला आहे, नेटवर्क कोणते? २६ मधले २४ बिट पहिल्या तीन भागांत गेले, उरलेले दोन चौथ्यात: ११००००००, म्हणजे १९२. आता ७७ म्हणजे ०१००११०१. दोघांचे अँड ०१००००००, म्हणजे ६४. नेटवर्क १९२.१६८.१०.६४. यजमान बिट (नेटवर्कमधले यंत्र सांगणारे उरलेले बिट) सहा, म्हणून ६४ पत्ते, ६४ ते १२७. पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना एकदम पाठवायचा), वापरायला उरले ६२. ताळा: ७७ हा ६४ आणि १२७ च्या मध्ये आहे.

बाकीचे गणित

आज सोमवार असेल तर १०० दिवसांनी कोणता वार? १०० ला ७ ने भागून बाकी २, म्हणून बुधवार. इथवर सोपे. ऋण संख्येची बाकी मात्र भाषेनुसार बदलते: −७ ला ३ ने भागल्यावरची बाकी पायथन २ सांगतो आणि सी भाषा −१. दोन्ही उत्तरे आपापल्या नियमाने बरोबर आहेत: −७ = ३ × (−३) + २, आणि −७ = ३ × (−२) − १. लेखी परीक्षेत धन बाकी लिहा. प्रोग्राममध्ये भाषा पाहून लिहा.

पुस्तकाच्या मागच्या तेरा अंकी आयएसबीएनचा शेवटचा अंक याच गणिताने येतो. पहिल्या बारा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणा, बेरीज करा, १० ने भागून बाकी काढा आणि ती दहातून वजा करा. ९७८ आणि पुढे नऊ शून्ये घेतली तर ९ + २१ + ८ = ३८, बाकी ८, तपास अंक २. बाकी शून्य आली तर वजाबाकी १० येते; तेव्हा अंक ० लिहायचा, हे हमखास विसरले जाते. कोणताही एक अंक चुकला तर ही पद्धत पकडतेच. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुतेकदा पकडते, मात्र त्यांच्यातला फरक ५ असेल (जसे २७ चे ७२) तर बेरजेत नेमका १० चा फरक पडतो आणि चूक निसटते.

मोजदाद

क्रमाने लावलेल्या दहा लाख नोंदींत अर्धे अर्धे करत शोधले तर जास्तीत जास्त २० वेळा तपासावे लागते, कारण दोनचा विसावा घात दहा लाखांच्या वर जातो. याच २० ला दहा लाखांचा पाया-दोन लॉगरिदम (वर पूर्ण केलेला) म्हणतात. वेगळे काही पाठ करायचे नाही. ५० जणांच्या वर्गात प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदाच तुलना करायची तर ५० × ४९ ÷ २ = १,२२५ तुलना. दोनने भागायचे राहिले तर प्रत्येक जोडी दोनदा मोजली जाते. ताळ्यासाठी ५० च्या जागी ३ घाला आणि जोड्या बोटांवर मोजा.

यंत्रावर ताळा

आधी हाताने, मग यंत्रावर, हा क्रम मोडू नका. पायथनमध्ये बिन आणि हेक्स ही फंक्शने डेसिमलमधून रूपांतर करतात. इंटला अवतरणातले बिट आणि पाया २ दिला की उलट रूपांतर होते. कोडमध्ये अंक इंग्रजी कळफलकावरूनच टाका. थेट लिहिलेला देवनागरी १५६ पायथन नाकारतो, जरी इंट फंक्शनला अवतरणात दिलेला तोच १५६ त्याला चालतो.

ऋण संख्या तपासताना बिनला नुसते −३७ दिले तर तो ३७ चे बिट लिहून पुढे वजा चिन्ह लावतो, टूज कॉम्प्लिमेंट देत नाही. −३७ चे २५५ शी बिटांवरचे अँड करून मग बिनला द्या, ११०११०११ मिळेल. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये प्रोग्रामर प्रकार निवडला तर सुरुवातीला तो ६४ बिटांवर असतो, म्हणून −३७ चे हेक्स एफच्या लांबलचक रांगेनंतर डीबी असे दिसते. आकार बाइटवर आणला की फक्त डीबी उरते: ११०१ १०११.